वत्सलाच्या आवाजाचा सूट

"काही नाही हो, चला पुढे," हेल्मेटमधून वत्सलाचा आवाज आला.

अग्निशमन दलातल्या मोरेश्वर इंगवल्यांनी तोंड वाकडं केलं. किरणोत्सर्गात शिरलेला माणूस घाबरून मागे पळू नये, म्हणून हे नवे सूट बायकोच्या आवाजात बोलत. वर्षभर तिचं बोलणं ऐकून सुटाने तिच्या सगळ्या सवयी उचलल्या होत्या. इतक्या गोड बोलणाऱ्या वस्तूवर विश्वास ठेवायचा तरी कसा?

"माझीही तेच म्हणतेय," शेजारचा नासीर हसला. "उगाच संशय घेता, साहेब. दिवा हिरवा आहे ना?"

हेल्मेटच्या काचेवरचा धोका दाखवणारा दिवा खरंच हिरवा होता. दोघे गळती झालेल्या गोदामात आणखी आत गेले. तेवढ्यात वत्सलाचा आवाज एकदम मऊ झाला.

"अहो, जेवलात का?"

मोरेश्वर जागीच थांबले. आई गेली तेव्हा वत्सलाने फोनवर आधी हेच विचारलं होतं. भावाला अपघात झाला तेव्हाही. नवरा जेवल्याशिवाय ती वाईट बातमी सांगतच नसे.

त्यांनी नासीरचा दंड धरला आणि त्याला दाराकडे ओढलं. दिवा अजूनही हिरवाच होता.

"सांगा ना," आवाज म्हणाला, "दोन घास तरी खाल्लेत ना?"