मन रमेल असं बघा

“मनावर काही ताण?” डॉक्टरीणबाईंनी माणिकताईंना विचारलं आणि उत्तर दिलं त्यांच्या यजमानांनी, श्रीपादरावांनी. “छे हो! हिला कसला ताण? घर कसं सदा भरलेलं असतं आमचं!”

भरलेलं तर होतंच. उज्जैनला माधव नगरात घर आणि महाराष्ट्रभर गोतावळा. महाकालाच्या दर्शनाला निघालेला जो तो आधी यांच्या दारात उतरायचा. भस्मआरतीला जाणाऱ्यांना मध्यरात्री चहा, परतणाऱ्यांना पोहे-जिलबी, मग स्वयंपाक. एक बिऱ्हाड स्टेशनवर पोचवावं, तर दुसरं दारात रिक्षातून उतरतंय. माणिकताईंची बोटं सुजून टम्म झाली होती. झोप उडाली होती, भाजी चिरताना उगाचच रडू यायचं. पण पाहुण्यांसमोर हसू कायम. मेली सवयच लागली होती.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पुढे सरकवला. “अंगात आतल्या आत सूज धुमसतेय. मनावर दडपण असलं की ती लवकर उतरत नाही, आणि ती उतरली नाही की मन आणखी खचतं. नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही. यांना आराम द्या. मन रमेल असं बघा.”

श्रीपादराव बिचारे खरंच घाबरले. घरी येताच फोन घेऊन बसले. त्यांचं हळू आवाजातलं बोलणं माणिकताईंना आतून ऐकू येत होतं. येणाऱ्यांना नको म्हणतायत, असं वाटून त्यांचा जीव भांड्यात पडला. कितीतरी दिवसांनी त्यांना गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दारात दोन गाड्या थांबल्या. नंदावन्सं, त्यांच्या जावा, मुलं, नातवंडं.

“वहिनी, दादानं सांगितलं तुमचं. म्हटलं सगळेच जाऊ या, तेवढंच मन रमेल. दर्शनही होईल!”

“बघ,” श्रीपादराव कौतुकानं म्हणाले, “खास तुझ्यासाठी बोलावलंय सगळ्यांना.”

माणिकताई आत गेल्या. गोळ्या आणि दोन साड्या पिशवीत कोंबल्या आणि मागच्या दारानं निघाल्या. न सांगता घराबाहेर पडायची ही जन्मातली पहिलीच वेळ.

देवास गेटजवळच्या लॉजमधल्या मॅनेजरनं आधार कार्ड दोनदा वाचलं.

“माताजी, आप तो यहीं की हैं! फिर लॉज में? दर्शन के लिए?”

“नहीं भैया,” माणिकताई म्हणाल्या, “बीमार पड़ने आई हूँ.”