शून्य दाखवणारं घर

“बंद कर गं हा आवाज, डोकं उठलं माझं,” आजोबा म्हणाले.

पडद्यावर त्यांची जुनी वसाहत होती. किरणोत्सर्गाच्या अपघातानंतर ती ओस पडली ती कायमचीच. बचाव पथकाच्या सरावासाठी नातीने ती संगणकात हुबेहूब उभारली होती. घर नीट जमलंय का ते बघायला आजोबांना तिने आज कार्यालयात आणलं होतं. पण पडद्यावरचं किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र असं किंचाळत होतं की त्यांना स्वतःच्याच घराची पायरी चढवेना. नातीला वाईट वाटलं. इतक्या वर्षांनी माणूस घरी आलाय, घटकाभर तरी निवांत बसू दे.

उपाय तिच्याच हातात होता. थोडा किरणोत्सर्ग एरवीही सगळीकडे असतोच. तो पार्श्वभूमी म्हणून नोंदवला, की यंत्र तेवढा वजा करून वरचा काय तो दाखवतं. तिने पार्श्वभूमी म्हणून अपघातानंतरचाच आकडा टाकला. सगळंच वजा झालं. यंत्र शून्यावर आलं आणि गप्प झालं. सरावात हे केलं असतं तर साहेबांनी तिला फाडून खाल्लं असतं.

“जा आता खुशाल.”

आजोबा कळा दाबत पडद्यावरच्या घरात गेले. ओटा उंच झालाय म्हणाले. “तुझी आजी बुटकी. वरचा डबा काढायला मला हाक मारायची आणि वर मलाच उंट म्हणायची.”

नात खळखळून हसली. आजीला तिने पाहिलंच नव्हतं. आजारी पडली आणि गेली, एवढंच घरात सांगत.

खिडकीपाशी आजोबांचं लक्ष यंत्राकडे गेलं. त्यांचा चेहरा उतरला.

“हे शून्य कसं काय?”

तिने मोठ्या कौतुकाने सगळं समजावून सांगितलं. त्यांनी पडद्याकडे पाठ फिरवली. तिला भीती वाटायला लागली.

“आजोबा, काय झालं? बरं वाटत नाहीये का?”

“अपघातानंतर आम्हाला एकदा परत बोलावलं होतं,” ते म्हणाले. “फाटकावरच्या यंत्रात शून्य होतं. ते बघून तुझी आजी माझ्याआधी पळत घरात शिरली. ते शून्य आलं कुठून, ते मला आज कळलं.”