वळणावरचा दगड

“काटा!” पुढून व्हिक्टर अंकल ओरडले.

“काटा!” त्यांच्या मागून प्रियांका म्हणाली. तिच्या मागून रमाबाई. दहा माणसांची ओळ. शब्द तोंडातोंडी शेपटापर्यंत गेला आणि एकेक जण बाभळीच्या फांदीखालून वाकून निघाला.

ही पद्धत अंकलची. उभा जन्म कल्याणहून मालगाड्या नेण्यात गेलेला. इंजिनात एकाने सिग्नल बघून मोठ्याने सांगायचा, दुसऱ्याने तोच शब्द मोठ्याने परत म्हणायचा. रिटायर झाल्यावर अंकलनी तोच कायदा रविवारच्या चालण्याला लावला. ठाकुर्लीहून निघायचं, करंज-शिरीषाच्या झाडीतून खाडीकडे उतरायचं, बांधावरून पाणथळीच्या टोकापर्यंत जायचं आणि त्याच वाटेने परत. घाई नाही, शर्यत नाही. पण ऐकलेला शब्द कोणी पुढे दिला नाही की अंकलचा आवाज चढलाच म्हणून समजा. “तोंडात बोर धरलंय का? बोला की! मागचा माणूस पडला म्हणजे?”

आता खरं सांगायचं तर अंकलना काचबिंदू झाला होता. समोरचं धुरकट दिसायचं, पायाखालचं जवळजवळ नाहीच. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की संपलं. ‘अंकल, तुम्ही आता आराम करा,’ म्हणतील सगळे, अगदी प्रेमाने म्हणतील, आणि मग रविवारी सकाळी गॅलरीतली खुर्ची आणि न वाचता येणारा पेपर. म्हणून अठरा वर्षांत पाठ झालेली वाट ते नुसती आठवून सांगत होते. आणि गंमत बघा, आजवर एकदाही चुकले नव्हते.

झाडी संपली. पाणथळीवर कोवळं ऊन आलं होतं. उथळ पाण्यात शेकाट्या, ती काळ्या पंखांची पाणपाखरं, आपले लांब लाल पाय जपून टाकत फिरत होत्या.

“अंकल, शेकाट्या!”

“दिसल्या गं. वीसेक असतील.”

सहा होत्या. प्रियांकाने पुन्हा मोजल्या. सहाच.

बांधाचं वळण आलं. “दगड!” अंकलनी हाक दिली आणि गुडघा चांगला वर घेऊन पाऊल पलीकडे टाकलं.

प्रियांकाने खाली पाहिलं. दगड नव्हता. आठवड्यात कधीतरी बांधाची डागडुजी झालेली दिसत होती. नवी माती, वर जेसीबीच्या दातांच्या खुणा, आणि सगळं सपाट. शेकाट्यांचं कोडं सुटलं.

तिने पाय उचलला. “दगड!”

रमाबाईंनी आधी जमिनीकडे पाहिलं, मग प्रियांकाच्या पाठीकडे. नर्सची नोकरी केलेली बाई, तिला काय समजावून सांगायचं? गुडघा दुखत होता तरी वीतभर पाय उचलून त्या ठणकावून म्हणाल्या, “दगड!”

मग पुढचा, मग त्याच्या मागचा. एकामागून एक सगळ्यांनी तो नसलेला दगड ओलांडला.

शेपटाला सुदेश होता. नवा माणूस, दुसराच रविवार. “अहो, कुठाय दगड? इथे तर काहीच नाहीये!”

ओळ थांबली.

“पाय उचला हो आधी,” रमाबाई मान न वळवता म्हणाल्या. “चौकशी मागनं करा.”

पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. अंकल मागे आले. बुटाने जमीन चाचपली. मऊ माती. परत चाचपली.

“प्रियांका, दगड नाहीये?”

“नाही, अंकल.”

“मग तू कशाला उचललास पाय?”

“तुम्ही सांगितलंत म्हणून.” ती त्यांच्याजवळ आली. “आई गेल्यावर मी पहिल्यांदा आले, तेव्हा मला तरी कुठे वाट दिसत होती? तुम्ही सांगत गेलात, मी चालत गेले. एकदासुद्धा पडले नाही.”

अंकलनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्याने काही फरक पडणार नव्हता.

“डोळे गेले की ड्रायव्हरला इंजिनावरून उतरवतात,” ते म्हणाले. “कायदा आहे तो.”

“इंजिनावरून उतरवतात. गाडीतून थोडंच उतरवतात?” रमाबाई म्हणाल्या. “चला, दोन नंबरला उभे राहा. आणि शब्द नीट परत म्हणायचा हां, तोंडात बोर नको.”

कोणीतरी खुदकन हसलं. अंकलही हसले, आणि हसता हसता त्यांना रुमाल काढावा लागला. त्यांनी प्रियांकाला पुढे जाऊ दिलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“थँक यू, बाळ,” ते म्हणाले. “घरी बसवाल म्हणून फार घाबरलेलो मी.”

प्रियांकाने तो हात घट्ट दाबला आणि चालायला लागली. थोड्या अंतरावर बांध फुटून ओहोळ वाहत होता.

“पाणी!”

“पाणी!” अंकलनी असा काही आवाज लावला की शेकाट्या भुर्रकन उडाल्या.

परतीला ते वळण पुन्हा आलं. सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून प्रियांका गप्प चालत राहिली. खांद्यावरच्या हाताने तिला मागे ओढलं.

“ए ड्रायव्हर! दगड राहिला की.”

ती हसली. गुडघा वर घेऊन ओरडली, “दगड!”

“दगड!” अंकल. “दगड!” रमाबाई. शब्द शेपटापर्यंत गेला. सुदेशने सगळ्यांपेक्षा उंच पाय उचलला आणि मागे कोणी नव्हतं तरी मोठ्याने म्हणाला, “दगड!”