वेगळी वाटी

बाळाच्या उष्टावणाला पाहुणे आपापले चमचे घेऊन आले होते. बाळाचा मामा, हेरंब, तोंडाच्या कॅन्सरमधून बरा झालेला त्यांच्या ओळखीतला एकमेव माणूस होता. कॅन्सरच्या पेशींना मारणारा नवा विषाणू अशाच माणसांच्या लाळेत सापडत होता, आणि दुसऱ्याला तो उष्ट्या घासातूनच मिळायचा.

प्रणिताने भावापुढे चांदीची वाटी धरली.

"नको गं, माझी आणलीय," म्हणत त्याने पिशवीतून स्टीलची वाटी काढली. खीर आधी स्वतः चाखून त्याने बाळाला भरवली, मग रांगेतल्या प्रत्येकाला त्याच वाटीतून दिली. सगळ्यांनी ती प्रसादासारखी घेतली.

नंतर तो मोरीत वाटी धुवायला बसला. तिच्या बुडाला नाव कोरलेलं होतं, सौ. प्रणिता. उपचारांसाठी तो इथे राहिला होता, तेव्हा ही वाटी त्याच्यासाठी वेगळी ठेवलेली असायची; निघताना तिनेच ती त्याच्या पिशवीत टाकली होती. "घेऊन जा दादा, आम्हाला नको आता ती."

प्रणिताची मान वर होईना. "दे, मी घासते," ती कशीबशी म्हणाली.

"राहू दे," तो सहज म्हणाला. "घासणीपण माझीच आणलीय."