बाबांबद्दलची मीटिंग

"छोटे, मागचं ब्लर कर. पसारा दिसतोय," दादा स्क्रीनवरून म्हणाला.

धाकटीनं मुकाट्यानं बटण दाबलं. मागचं कपाट, औषधांच्या बाटल्या, वाळत घातलेले टॉवेल, सगळं धुरकट झालं. पसारा म्हणे! या पसाऱ्यातच ती रोज बाबांना उठवत होती, आंघोळ घालत होती, भरवत होती. तीन शहरांत बसलेल्या या तिघा भावंडांना आज तो खुपायला लागला होता.

दादानं कालच सूचना धाडल्या होत्या. उजेड समोरून घ्या, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत ठेवा, बोलायचं असेल तर हात वर करा. ऑफिसात तो दिवसभर माणसांना हेच शिकवायचा, आता घरच्यांची पाळी. धाकटीनं सगळं पाळलं. लॅपटॉप पिठाच्या डब्यावर चढवला, केससुद्धा विंचरले. मीटिंगचा विषय एकच होता, बाबांना वृद्धाश्रमात ठेवायचं का. आणि शेवटची सूचना अशी की बाबांना सोबत बसवू नये, चर्चा भरकटते. घ्या! ज्यांचा विषय तेच नकोत.

दादानं स्लाइड लावली. हिरवळ, स्वच्छ पलंग, हसणारी नर्स. फायदे एकेक करून वाचून झाले.

"आणि तोटे?" धाकटीनं विचारलं.

"अगं, आधी हात वर कर ना," ताई म्हणाली.

तिनं बटण दाबून हात वर केला. स्क्रीनच्या कोपऱ्यात तो पिवळा हात लटकत राहिला, त्याच्याकडे बघतंय कोण!

"मला लगेच दुसरा कॉल आहे," मधला भाऊ घड्याळाकडे बघत म्हणाला. "दादा, मतं घेऊन टाक. माझं हो धर."

"हो कसं धर?" धाकटीचा आवाज चढला. "करतेय ना मी त्यांचं सगळं? मला जमत नाही असं कधी म्हटलं मी? त्यांना तरी विचारलंत का एका शब्दानं?"

"इमोशनल होऊ नकोस," दादा म्हणाला आणि त्यानं तिचा माइक बंद केला. तो पुन्हा उघडायची सोयही त्यानं स्वतःकडेच ठेवली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती बोलत राहिली, आणि तिकडे ताई शांतपणे पाणी प्यायली.

इतक्यात आतल्या खोलीतून वॉकर टेकत टेकत बाबा आले, आणि तिच्या खुर्चीमागे उभे राहिले.

"पोरांचे आवाज येतायत गं," ते म्हणाले. चेहरा नुसता फुलला होता.

स्क्रीनवर तिच्या मागे एक राखाडी डाग हलला.

"छोटे, मागे काहीतरी हलतंय," ताई म्हणाली.

"ब्लरमुळे होतं तसं," दादा म्हणाला. "चला, पुढे चला."

हे मात्र अति झालं. धाकटी ताडकन उठली. तिनं ब्लर काढून टाकला, बाबांना दंडाला धरून आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः बाजूला झाली.

"बसा बाबा. तुमचीच मीटिंग आहे."

बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. मग हात उंचावून तिघांनाही हलवून दाखवला.

दादाची ती हिरवळीची स्लाइड घाईघाईनं गायब झाली. तीन चेहरे समोर आले. मधल्यानं मान खाली घातली. मग दादाचा चौकोन काळा झाला. त्यामागून ताईचा. मधल्याचाही.

बाबांचा हात अजून वरच होता. ते काळ्या चौकोनांकडे डोळे बारीक करून बघत राहिले.

"लाइट गेले वाटतं गं त्यांच्याकडचे," ते म्हणाले.

"हो बाबा," धाकटी दात आवळून म्हणाली. "तिघांकडचे. एकदमच."