दंडाचा बोकड

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर नि प्याला वाटायच्या रविवारी कालीबाई बोकड घेऊनच प्रार्थनेला आली. सारंगखेड्याच्या अलीकडच्या भिलाटीतलं, भिल्लांच्या वस्तीतलं ते पत्र्याचं चर्च, तिथं माणसांनाच बसायला जागा पुरेना. आणि ही बाई दोर धरून सरळ आत. बोकडानं आधी दारावरचं आंब्याच्या पानांचं तोरण ओढलं, मग ढोलकीवाल्याकडे मान वर करून बघितलं. गाणं आपोआप थांबलं.

चुनीलाल पास्टर भाकरीवरचं पांढरं फडकं काढत होता. त्याचा हात तसाच राहिला.

"काकी, बोकड कसाले लई उनी?"

"दंड शे मन्हा," कालीबाई म्हणाली. "हाऊ घ्या. मंग मी बी जेवाले बससू."

कोणी हसलं नाही. भिलाटीची रीत सगळ्यांनाच ठाऊक. गुन्हा कबूल करायचा, पंचांपुढे दंडाचा बोकड द्यायचा, तो कापून सगळ्यांनी एका पंगतीला जेवायचं. ते जेवण झालं की त्या गुन्ह्याचं नाव काढायचं नाही; जो काढील त्यालाच दंड. कालीबाईनं येशूच्या नावानं बाप्तिस्मा घेतला होता, पण भोजनाच्या रविवारी प्याला फिरायच्या आत ती चपला घालून हातपंपावर जाऊन उभी राहायची. पास्टरला वाटे, तिला तहान लागत असेल.

"गुन्हा काय शे?" त्यानं विचारलं.

बायकांच्या पहिल्या रांगेत तापीबाई बसली होती. कालीबाईला तिच्याकडे बघवेना, म्हणून ती बोकडाच्या शिंगांकडे बघत बोलली.

"मन्हं पोर तापमां गयं, तवय फुलीबाईले डाकीण म्हननारी मीच पहिली. माले ठाऊक व्हतं, ती डाकीण नही. पन माले कोनवर तरी राग काढना व्हता. लोकेसनी तिले गावमाईन हाकली दिधं. ती तिकडेच मरी गई."

फुलीबाई म्हणजे तापीबाईची आई. बोकड तोरणाचं पान चावत राहिला. कालीबाईनं दोर आवळून धरला. आता आपल्याला घरचा रस्ता दाखवतील, हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

तापीबाई उठली. कालीबाईच्या हातातून दोर घेऊन ती बाहेर गेली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, गेली ही. पण तिनं बोकड निंबाला बांधला, पुढे पाण्याची बादली सरकवली आणि पदराला हात पुसत परत आली.

"मन्ही माय आते तुन्हा बोकड खावाले येवाव नही," ती म्हणाली.

"नही," कालीबाई म्हणाली.

"आनि मी आठे पहिली रांगमां बसस, गाना म्हनस, अनी मनमां तुले रोज मारी टाकस. काल बी मारं. मंग मन्हा बोकड कोठे शे?"

दोघीही पास्टरकडे बघू लागल्या. चुनीलालचा बाप जन्मभर पंचात बसलेला. पोरगा बायबल शिकून आला तरी बोलणं बापाचंच राहिलं होतं.

"हाई एक बोकडवर फिटाव नही," तो म्हणाला. "गोठाभर कापा, तरी फिटाव नही. म्हनीसन देवनी सोताना पोऱ्या दिधा. तुम्हना दोन्हीसना दंड भराई गया. मन्हा बी. हाई भाकर म्हनजे त्याच दंडनं जेवन." त्यानं फडकं पुरतं काढलं. "आते बसा. जेवन व्हयनं की मंग जो ही गोट काढी, त्याले मी दंड लावसू."

तापीबाई बसली नाही. "मन्ही माय डाकीण नव्हती, हाई सांगाले तरी चाली का?"

"हाई मी सांगसू," कालीबाई म्हणाली. "गावभर सांगसू."

मग दोघी शेजारी शेजारी बसल्या. भाकरीचं ताट फिरत आलं. कालीबाईनं तुकडा घेतला, तो बोटांतून निसटून चटईवर पडला. तापीबाईनं तो उचलला, फुंकर मारली, तिच्या हातावर ठेवला आणि वरून तिची मूठ मिटवली. कालीबाई रडत रडतच जेवली. किती वर्षांनी तिचा जीव भांड्यात पडला होता, आणि तेही सगळ्यांदेखत. तिला त्याची लाज वाटली नाही.

उन्हं चढल्यावर कालीबाई निंबाला बांधलेला बोकड सोडून घरी निघाली. दोर सैल होता आणि बोकडच पुढे चालला होता. ज्यांच्या केळीच्या बागेत ती कामाला जायची ते हिंमतराव बांधाशी मोटरसायकल लावून उभे होते. बोकड बघून ते खूश झाले.

"काय कालीबाई, कापाले चालना का? मुंडी मन्हासाठे ठेवजो."

"नही, पाटील," कालीबाई म्हणाली. "आम्ही दोन्ही वाचनूत."