रूथबाईंचा दगड

"कोंडाजी, थांब," उपेंद्रकाका म्हणाले. "आपण चुकीच्या माणसाला खणतोय."

कोंडाजी कमरेपर्यंत खड्ड्यात होता. तीस वर्षं तो कबरी खणत होता, पण ही अडचण त्याला पहिल्यांदाच आली होती. त्याने कुदळ टेकवली. "मग भाईर येऊ का हितंच थांबू?"

उपेंद्रकाकांनी मोबाइल शैलाताईंच्या नाकासमोर धरला. दोन वर्षांपूर्वी शैलाताईंनीच काढलेला फोटो होता. कबरीच्या उभ्या दगडावर भारद्वाज बसला होता. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात. त्याच्या पायाखाली स्वच्छ अक्षरं होती: रूथबाई पारखे, १९७२. आणि दगडाच्या मागे कंपाउंडची भिंत होती.

आता त्याच दगडाच्या मागे चाफा होता. चाफा चाळीस-पन्नास वर्षांचा. तो काही चालत आला नव्हता.

नाशिकच्या या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत दर रविवारी तिघं येत. उपेंद्रकाका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. शैलाताई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. शाहनवाजचं द्वारका चौकाजवळ मार्बल कापायचं दुकान. गवत काढायचं, दगड धुवायचे, चहा प्यायचा. तिघांपैकी एकाचंही कोणी इथं पुरलेलं नव्हतं. त्यामुळे भांडणं फक्त गवतावरून होत.

गेल्या मे महिन्यातल्या वादळात नीलगिरी पडली आणि शेजारशेजारच्या कबरींचे दोन दगड उखडले. एक रूथबाईंचा. दुसरा हॉब्सन साहेबाचा. साहेबाने जिल्ह्यातल्या गावांच्या हद्दी बिनचूक मोजल्या, असं त्यावर कोरलं होतं. कुठला दगड कुठं होता, हे कुणालाच आठवेना. शेवटी मतदान झालं. दोन विरुद्ध एक. शाहनवाजने चेनपुली आणून दोन्ही दगड सिमेंटात पक्के केले.

"मी तेव्हाच विरोध केला होता," शैलाताई म्हणाल्या.

"फोटो तुमच्याकडे होता, ताई. तेव्हा का नाही दाखवलात?" उपेंद्रकाकांनी विचारलं.

"मी पक्षी बघत होते."

साडेतीन वाजले होते. चार वाजता रूथबाईंचा मुलगा येणार होता. शमुवेल मास्तर. काल पहाटे नांदगावला वारले. त्यांची मुलगी साधना त्यांना घेऊन निघाली होती. मास्तरांनी शेवटी एकच मागितलं होतं: मला आईच्या कबरीत ठेवा. जुनी कबर उघडून घरातल्या पुढच्या माणसाला तिथंच ठेवायची रीत आहे. चर्चच्या परवानगीच्या चिठ्ठीवर रूथबाईंचं नाव होतं. नकाशा नव्हता. नकाशाचं काम दगडाने करायचं असतं.

"काका, गुपचूप भिंतीकडे खणायला लावू," शाहनवाज म्हणाला.

"आणि दगड? साधनाताई विचारतील ना, आजीचा दगड इकडे आणि खड्डा तिकडे कसा?"

"मग इथंच राहू दे."

"म्हणजे मास्तर हॉब्सनच्या कबरीत. कायमचे."

"कयामतपर्यंत," शाहनवाजने हिशेब दुरुस्त केला.

मुदत मोठी होती.

"सांगून टाकू," शैलाताई म्हणाल्या. "माणसाला एकदाच पुरतात."

खड्ड्यातून कोंडाजी म्हणाला, "मी काय म्हन्तो, दुसरी बी उघडून ठिवतो. बाईंना निवडता यील."

तेवढ्यात फाटकातून एक बाई पळत आली. शववाहिका मागे वळण घेत होती, पण तिला धीर नव्हता. "थांबा! खणू नका! दगडाखाली खणू नका!"

उपेंद्रकाकांना वाटलं, बातमी फुटली. त्यांनी हात जोडले. वादळ, नीलगिरी, मतदान, सिमेंट, सगळं एका दमात सांगून टाकलं. पक्षी तेवढा गाळला. "साधनाताई, तुमच्या आजींचा दगड आम्ही चुकीच्या जागी लावला. वर्षभर आम्ही भलत्याच माणसाला फुलं वाहिली. तुम्ही काय म्हणाल ते ऐकून घेऊ."

साधनाने खड्डा पाहिला. दगड पाहिला. मग भिंत.

"हा आधी भिंतीकडे होता."

"हो."

"आणि तुम्ही तो उचलून इकडे लावलात. घरच्यांना न विचारता."

"हो," उपेंद्रकाका म्हणाले. निवृत्त झाल्यापासून त्यांना इतकं कुणी झापलं नव्हतं, आणि अजून तर ती ओरडलीही नव्हती.

साधना मातीच्या ढिगावर बसली. खांदे हलायला लागले. शैलाताई पाण्याची बाटली घेऊन धावल्या आणि मध्येच थांबल्या, कारण बाई रडत होती की हसत होती ते कळेना.

"भिताडाकडं खंदतो बाई," कोंडाजी वर यायला लागला. "अर्ध्या तासाचं काम. रडू नका."

"नका येऊ वर!" साधनाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला परत खाली बसवलं. "इथंच खणा, दादा. आजी इथंच आहे, चाफ्याखाली. गवंड्याने तेव्हा साहेबाचा पडलेला दगडही उभा केला आणि दोन्हींची अदलाबदल झाली: आजीचा साहेबावर, भिंतीकडे, आणि साहेबाचा इथं आजीवर. बाबा दर वर्षी साहेबाच्या दगडापुढे उभं राहून आईसाठी प्रार्थना करायचे. मी नांदगावपासून याच धास्तीत, की दगड सोडून माझ्यावर विश्वास कोण ठेवणार?"

तिने डोळे पुसले आणि चौघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"तुमची नावं सांगा, पाळकांना द्यायचीत, प्रार्थनेत घ्यायला. बाबांनी हा दगड हलवा म्हणून पन्नास वर्षं अर्ज केले होते."